दुसऱ्याच्या ताटातली भाकरी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तीही मधे मधे शाळा बुडवून. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळले नाहीत आणि आता कळायचं वय राहिलं नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ओळ सरळ धरली तरी उजवीकडे खाली उतरते. कोणी हे वाचलंच तर रागावू नये, माफ करावं. मी दाखवायला लिहीत नाही. दुपारी घरातले आडवे झाले की लिहिते आणि पावलं वाजली की वही उशीखाली सारते. मागे आमच्या कॉलेजाचा मोठा समारंभ झाला. नातवानं हाताला धरून नेलं, मागच्या खुर्चीवर बसवलं. भाषणात संस्थापक होते, इमारत होती, दानशूर मंडळी होती. स्वयंपाकघर कुठंच नव्हतं. मला तर सगळं कॉलेज स्वयंपाकघराच्या दारातूनच दिसलं, म्हणून तेवढं लिहून ठेवते.

कॉलेज म्हणजे आत्ताचं डोळ्यापुढं आणू नये. भालकीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. दोन लांब माळवदाच्या खोल्या, मधे लिंबाचं झाड, एक विहीर आणि मागं आमचं पत्र्याचं स्वयंपाकघर. राज्य निजामाचं होतं. कचेरीचं सगळं काम उर्दूत चालायचं, घरात मराठी नाहीतर कानडी. कॉलेज काढणारे आमचे अण्णा म्हणायचे, पोराला कचेरीची भाषा आली पाहिजे, आईची आली पाहिजे, आणि जिचा काहीच उपयोग नाही अशीही एखादी आली पाहिजे. म्हणून संस्कृत होतं, फारसी होती, इतिहास होता, भूमिती होती. आईबाप येऊन विचारायचे, "अण्णा, ह्यानं नोकरी लागंल का?" अण्णा म्हणायचे, "लागंल, न लागंल. पर लागल्यावर बी पोरगा माणसात राहील." अण्णा बीदरच्या व्यापाऱ्याचे थोरले चिरंजीव. हैदराबादेत शिकले, बायको बाळंतपणात गेली, मग दुकान धाकट्या भावाला देऊन त्यांनी हे काढलं. लोक म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलं.

माझे वडील वारले तेव्हा अण्णांनीच अव्वाला मुलांच्या स्वयंपाकाला बोलावून घेतलं. अव्वा म्हणजे माझी आई, आमच्या लिंगायत घरात आईला अव्वाच म्हणतात. पहाटे ती भाकरी थापायला बसायची. तिच्या थापण्याचा आवाज, एका खोलीत मौलवीसाहेबांचा फारसी पाठ, दुसरीत संस्कृतची घोकणी, आणि मधे विहिरीचा रहाट. मला अर्थ कशाचाच कळत नव्हता, पण कुठला पाठ लांबला की भाकरी थंड होणार हे बरोबर कळायचं. मौलवीसाहेबांना अंबाडीची भाजी फार आवडायची. वास आला की ते मुलांना पाच मिनिटं आधी सोडायचे आणि अव्वाला म्हणायचे, "आज शेर खुद-ब-खुद छोटा हो गया, बहन."

आमच्याकडे एक रीत होती, ती दुसरीकडे मी कुठं ऐकली नाही. नवा मुलगा आला की फी जमेल ती द्यावी, पण एक पितळेचं ताट घरून आणलंच पाहिजे. ताटाच्या काठावर कासाराकडून नाव आणि गाव कोरून आणायचं. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. ते ताट कॉलेजाचं झालं, शिक्षण संपलं तरी परत न्यायचं नाही. आणि आपल्या ताटात आपण कधीच जेवायचं नाही. दर वर्षी नागपंचमी झाली की अण्णा सगळी ताटं ओसरीवर पालथी मांडायचे. मुलं एकेक येऊन उचलायची. आपलंच निघालं तर परत ठेवायचं, दुसरं निघालं की ते वर्षभर आपलं. अण्णाही उचलायचे, मौलवीसाहेबही उचलायचे. बामणाच्या पोराला मराठ्याचं यायचं, मराठ्याच्या पोराला मुसलमानाचं. पहिले आठ दिवस काही मुलांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मग भूक लागायची. घासायचं काम माझं. चिंचेच्या कोळानं आणि राखेनं मी ती ताटं अशी लख्ख करायची की नाव वाचताना आपलं तोंड दिसावं. ह्या ताटांवरचीच नावं वाचून माझी चौथी टिकली म्हणायची.

कॉलेजावर कर्ज होतं. एका वादळात स्वयंपाकघराचे पत्रे उडाले आणि एका खोलीची भिंत बसली, तेव्हा गावच्या सावकारांनी पैसे दिले. जागा गहाण. सावकार आमच्याच समाजातले, कापूस आणि ज्वारीचे व्यापारी. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवराज कॉलेजातच होता, म्हणून ते कधी तगादा करत नव्हते. "पैसे काय पळून चाललेत व्हय," असं म्हणायचे. उलट दर वेळामावस्येला गाडी पाठवून सगळ्या पोरांना आपल्या शेतावर भज्जी-आंबिलाला न्यायचे. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे आपापल्या रानात. हरभरा, तूर, वाटाणा, पातीचा कांदा घालून बेसनात शिजवलेली ती भज्जी आणि ताकातली गार आंबील. मुलं पंधरा दिवस आधीपासून त्याच गोष्टी करायची.

त्या वर्षी गणपत आला. ठाणाकुशनूरचा, मिसरूड फुटलेला, अंगानं मोठा, चार भाकऱ्यांनी काही न होणारा. त्याला बोलल्याशिवाय घास जात नसे. "अव्वा, भाकरी अगदी चंद्रावानी झालीया."

"खा गपचीप."

"खरं अमावस्येचा चंद्र हाय. दिसंना कुठं ताटात."

अव्वा पदरानं तोंड झाकून हसायची आणि आणखी एक वाढायची. तो मांगवाड्यातला होता. हे अण्णांनी आधी अव्वाला एकटीला सांगितलं होतं. लपवून काय लिहू, अव्वा दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. मग चुलीपाशीच म्हणाली, "मला जड जाईल, ते सांगून ठेवते. खरं रीत तुमी केलाव. ती मोडून मी भाकरी थापणार न्हाई." अण्णा म्हणाले, "तेवढं पुरं." मुलांना ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, कोणी बोललं नाही. नागपंचमीनंतर ताटं निघाली तेव्हा 'गणपत ठाणाकुशनूर' हे ताट सावकारांच्या शिवराजला आलं. मी दाराआड होते. अण्णांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. शिवराजनं नाव वाचलं आणि गणपतला म्हणाला, "तुजं ताट लई मोठं हाय की रं." गणपत म्हणाला, "पोट बगूनच केलंय." सगळे हसले. तिथून वेळामावस्येपर्यंत शिवराज त्याच ताटात जेवला.

वेळामावस्येच्या सकाळी गणपतचे वडील आले. ते दोरखंडं वळायचे. पोराच्या कॉलेजाला काय द्यावं म्हणून विहिरीसाठी नवा नाडा वळून खांद्यावर टाकून आणला होता. फाटकाच्या आत यायला तयार होईनात. गणपत त्यांचा हात ओढत होता आणि ते, "हितंच बरं हाय, हितंच बरं हाय," म्हणत होते. नेमकी तेव्हाच सावकारांची गाडी आली, पोरांना रानात न्यायला. गाडीवर त्यांचा मुनीम. तो दर वर्षी गणपतच्या वडिलांकडूनच बैलांची दावी घ्यायचा. त्यानं त्यांना पाहिलं, गणपतला पाहिलं, आणि मुलगा बापाला 'अप्पा' म्हणतोय हे ऐकलं. तो गाडीवरून उतरलाही नाही. बैल वळवले आणि गाडी रिकामी परत गेली. मुलं धुतलेले कपडे घालून ओसरीवर उभी होती. अव्वानं होतं तेवढं ताक काढलं, ज्वारीचं पीठ कालवलं आणि आंबील रटरटायला ठेवली. मला म्हणाली, "गंगे, आज ताटं नीट मांड. एक बी इकडची तिकडं करू नकोस."

सावकार संध्याकाळी आले, बरोबर पंगतीच्या वेळेला. मुलं दोन ओळींत बसली होती, टोकाला अण्णा आणि मौलवीसाहेब. कंदील नुकताच लावला होता. सावकार उंबऱ्यात उभे राहिले, जोडा काढला नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच फार वाईट होतं.

"शिवराज, ऊठ."

शिवराजच्या तोंडात घास होता. त्यानं मान वर केली नाही.

"तोंडातला थुक आन ऊठ."

बाहेर नवा नाडा लावलेला रहाट वाऱ्यानं कुरकुरत होता. शिवराजनं घास गिळला. मला वाटलं आता हा बसून राहणार. पण तो उठला, हात न धुता वडिलांच्या बाजूनं अंधारात निघून गेला. त्याचे हुंदके फाटकापर्यंत ऐकू आले. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. सोळा वर्षांचं पोर, बाप समोर उभा.

सावकार अण्णांना म्हणाले, "माझ्या पैशावर पोराला बाटवलंस."

"गळ्यात लिंग बांधताना सगळी सारखी म्हणतूस," अण्णा म्हणाले, "आन ताटापाशी आलं की वेगळी?"

"मला शिकवू नगंस. ते ताट भायेर काढ. त्या पोराला वेगळं बसीव, वेगळं वाढ. शिकू दे, माझं काय म्हणणं न्हाई. तेवढं केलास तर व्याज सोडतो. न्हाईतर अखजीला सगळी रक्कम माझ्या हातावर ठेव. न्हाईतर जागा माझी. हितं कापूस भरीन."

तेव्हा गणपत उभा राहिला. हसऱ्या तोंडानंच. "अण्णा, मी लिंबाखाली बसतो की. काय बिघडलं? तितं वारं बी चांगलं हाय." पण त्याचा आवाज हसत नव्हता.

अव्वा पुरुषांच्या पंगतीत वाढण्यापलीकडे कधी बोलली नव्हती. ती भाकऱ्यांची दुरडी कमरेवर घेऊन मधेच थांबली होती. म्हणाली, "खाली बस रे गणपत. भाकरी मी वाढायलेय. कोण कुठं बसायचं ते मी सांगणार." मग सावकारांकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाली, "दादा, तुमच्या विहिरीचा नाडा कुणी वळलाय? त्यानंच ओढलेलं पाणी पिता न्हवं रोज? कामून मग हितंच बाटायलंय सगळं?"

मौलवीसाहेबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, हसू झाकायला की रडू, कोण जाणे. "अखजी," एवढंच सावकार म्हणाले आणि गेले. अक्षय्य तृतीयेला चार महिने उरले होते.

शिवराजचं ताट तसंच होतं, अर्धी भाकरी मोडलेली. मुलं उठल्यावर मी ते घासायला उचललं तर अव्वा म्हणाली, "घास आन तूच घे आता. आजपासून तू त्यात जेव." मुलींची त्या रीतीत कधी मोजदादच नव्हती. आम्ही दोघी मागून चुलीपाशी पत्रावळीवर जेवायचो. अण्णा दारात आले होते. त्यांनी ऐकलं आणि होकाराची मान हलवली. मी त्या रात्री गणपतच्या ताटात जेवले. घास उतरत नव्हता, पण ते सावकार परत येतील ह्या भीतीनं. लग्न होऊन जाईपर्यंत मग मी त्याच ताटात जेवत राहिले.

दुसऱ्या आठवड्यापासून आईबाप येऊ लागले. कोणी सांगायचे आजी आजारी आहे, कोणी म्हणायचे पेरणीचं काम आहे, जानेवारीत कसली पेरणी. मुलं वळकट्या उचलून जायची. पंगतीची एक ओळ राहिली. अव्वा जुन्या अंदाजानं पीठ मळायची आणि भाकऱ्या उरायच्या, मग उरलेल्या भाकऱ्यांकडे बघत बसायची. अण्णांनी हैदराबादला, बीदरला भावाकडे खेपा घातल्या. भावानं सांगितलं, ते ताट काढ, मी पैसे देतो. सगळ्यांचं बोलणं त्या एका ताटापाशी येऊन थांबायचं. एक दिवस पहाटे मला पितळ वाजल्याचा आवाज आला. अण्णा सगळी ताटं पोत्यात भरत होते. बीदरच्या मोडीवाल्याला विकायची होती. कॉलेजाकडे मोलाचं असं दुसरं होतंच काय. अव्वा चुलीवरून उठून आली आणि सरळ त्या पोत्यावर जाऊन बसली.

"सरक, आक्का," अण्णा म्हणाले. ते तिला आक्का म्हणत. "गाडी थांबलीया."

"एक ताट काढायला न्हाई म्हणलाव, आन आता सगळीच काढायलाव?"

"जागा राहिली तर ताटं परत येतील."

"दुसऱ्यांची नावं हायत ती. ईकायला तुमची हायत का?"

अण्णा तिथंच ओसरीच्या पायरीवर बसले. मोठा माणूस असा बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. गणपत विहिरीवर तोंड धूत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. ओल्या तोंडानंच येऊन म्हणाला, "अण्णा, एक बोलू? आमचा अप्पा गुऱ्हाळावर जाळ घालायला जायलाय. औंदा तापानं माणसं आडवी झाल्याती, ऊस वाळायलाय रानात. मालक चांगली मजुरी द्यायलाय. आपण सगळे जाऊ की."

"तुला घेतील का?" अण्णांनी हळूच विचारलं.

"रसाला हात लावू देणार न्हाईत. जाळ घालायला कुठं जात इचारतेत?"

आणि आमचं कॉलेज गुऱ्हाळावर गेलं. उरलेली मुलं, अण्णा, मौलवीसाहेब आणि आम्ही दोघी. सकाळी पाठ व्हायचे ते उसाच्या फडाच्या बांधावर. मग चरकात ऊस घालायला मुलं, चिपाडं वाळवायला मी आणि अव्वा, चुलवाणाच्या जाळापाशी गणपत आणि त्याचे वडील. अण्णांना पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. मौलवीसाहेब दाढीला फडकं बांधून उकळत्या रसाच्या काहिलीतली मळी काढायचे. गुऱ्हाळाचा मालक लांबून बघायचा आणि म्हणायचा, "मास्तर लोक असं काम करतेत, तर माझी माणसं काय झोपल्याती व्हय?" पाक तयार झाला की नाही ह्यावर मौलवीसाहेब आणि गणपतचे वडील यांची रोज भांडणं. "अभी नहीं," "आता न्हाई तर करपंल, साहेब." गणपतचे वडील बरोबर निघायचे आणि मौलवीसाहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायचे. कपड्यांना, केसांना, वह्यांना सगळीकडे गुळाचा वास. मुंग्या भूमितीच्या पुस्तकात शिरल्या.

वास गोड, पण झोप कोणाला नव्हती. अखजी जवळ येत होती आणि मजुरी किती साठली ते अण्णा सांगत नव्हते. अखजीच्या दिवशी ते सावकारांकडे गेले तेव्हा आम्ही दारात बसून राहिलो. गणपतची वळकटी बांधलेली होती, हे मी एकटीनं पाहिलं होतं. जागा जाणार असली तर आधी आपण जायचं, असं त्यानं ठरवलं असावं. अण्णा परतले. अर्धी रक्कम भरली होती. सावकारांना एवढीही येईल असं वाटलं नव्हतं. रोख बघून ते मऊ झाले नाहीत, व्याज वाढवलं, पण जागा घेतली नाही. आणखी दोन हंगाम दिले. अव्वानं गणपतच्या वळकटीची दोरी स्वतः सोडली आणि दोरी चुलीत टाकली. "आता बांधायला दुसरी वळ," ती म्हणाली.

त्यानंतर गुऱ्हाळाचा महिना ही कॉलेजाची रीतच झाली, कर्ज फिटल्यावरही पुष्कळ वर्षं. गेलेल्यांतली काही मुलं परत आली, नवी आली. नवी आपापलं ताट घेऊन आली. गणपत पुढे मास्तर झाला, हे त्याच्या मुलाकडून मला कळलं. शिवराज परत आला नाही. समारंभात दानशूरांमधे त्याच्या वडिलांचं नाव वाचून दाखवलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पैसे तर त्यांनी दिले होतेच. मुलांच्या जेवणाला आता स्टीलची, कप्प्यांची ताटं आहेत, ती मशीन धुते असं नातू सांगतो. पितळेची कुठं गेली, मी विचारलं नाही. विचारायला पुढं जावं लागलं असतं, आणि पुढं जायला मला आजही जमत नाही.

एक लिहायचं राहिलं. शेवटचा हप्ता द्यायला तिसऱ्या हंगामानंतर आम्ही चौघं गेलो. अण्णा, मौलवीसाहेब, अव्वा आणि अव्वाच्या मागं मी. बाहेर कॉलेजाची सगळी मुलं येऊन उभी राहिली होती, कोणी बोलावलं नसताना. सावकार गादीवर बसले होते, समोर दगडी फरशी. ते प्रत्येक रुपया फरशीवर टाकून वाजवून घेत होते. टण्, टण्. निजामाच्या हाली रुपयाचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. वाजलेला रुपया बाजूला रचायचे. मला तर वाटत होतं माझ्याच डोक्यात वाजतोय. ढीग संपत आला आणि एक रुपया बदकन पडला. आवाजच नाही. सावकारांनी तो उचलून पुन्हा टाकला. पुन्हा तसाच.

"खोटा हाय," ते म्हणाले. "आज फिटत न्हाई. उद्या या." त्यांनी हात मागं घेतला. उद्या म्हणजे नवा महिना, आणि नव्या महिन्याचं व्याज. अण्णांनी खिसे चाचपले. खिशात खडू होता. अव्वानं पदराची गाठ सोडली, तिच्यात सुपारी होती.

मौलवीसाहेबांनी शेरवानीच्या आत हात घातला, कुठल्या तरी खोल खिशातून फडक्यात गुंडाळलेला रुपया काढला आणि फरशीवर टाकला. खणखणीत वाजला. "लेव, सेठ. कफन के वास्ते रखा था. अब थोडा देर से मरूँगा."

सावकारांनी तो ढिगावर ठेवला. गहाणखत पेटीतून काढून अण्णांच्या हाती दिलं. "फिटलं," ते म्हणाले, ओठातल्या ओठात.

अव्वा हलली नाही. "मोठ्यानं म्हणा, दादा. भायेर पोरं हुबी हायत."

सावकार उठले, दारापर्यंत आले. गणपत पुढच्याच ओळीत होता. त्याच्यावरून नजर फिरवून, लांब कुठंतरी बघत ते मोठ्यानं म्हणाले, "फिटलं. सगळं फिटलं."